छप्पर पुरं झालं, कुसुम

कुसुम, तुला जाऊन आज सोळा दिवस झाले. बेहडपाड्याच्या शाळेचं छप्पर त्याआधीच पुरं झालं होतं, ते तू स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंस. आता पाऊस लागलाय आणि छप्पर कुठेही गळत नाही. तुला सांगण्यासारखी एवढी एकच चांगली गोष्ट माझ्याकडे आहे. बाकी जे आहे ते तू जिवंत असताना सांगायला हवं होतं. तेव्हा माझं तोंड उघडलं नाही.

चार दिवसांपूर्वी आपल्या शाळेच्या मंडळाच्या बायकांनी तुझ्यासाठी सभा ठेवली. मुलुंडच्या देवळाचा मंडप मागून घेतला, तुझा नर्सच्या टोपीतला फोटो टेबलावर ठेवला, त्याला हार घातला. एक बाई म्हणाल्या, कुसुमताईंनी सेवेसाठी चंदनासारखा देह झिजवला. मला तुझा आवाज अगदी कानाशी ऐकू आला, "मी काय खोड आहे गो, उगाळायला?" मला हसू आलं, आणि त्या हसण्याचं काय झालं कोण जाणे, मी तोंडात पदर कोंबून बाहेर आले. सगळ्यांना वाटलं, बिचारी सुधा, जिवाभावाची मैत्रीण गेली. कुणीतरी पाठीवरून हात फिरवला. तो हात मला सहन होईना.

आपली ओळख झाली ती तू मला रागावलीस म्हणून. माझ्या लेकीला, नंदाला, देवी टोचायला घेऊन दवाखान्यात आले होते. ती रडायच्या आधी मीच रडायला लागले. तू सुई हातात धरून म्हणालीस, "बाई, तुम्ही बाहेर बसा. पोर शहाणं आहे, तिला मी सांभाळते." मी मास्तरीण, वर्गात चाळीस मुलं गप्प बसवणारी, आणि भांडुपच्या चाळीतून आलेली, गिरणीकामगाराची ही मुलगी मला बाहेर काढते म्हणून मला राग आला होता. पण पुढच्या आठवड्यात टोचलेलं पिकलं का ते दाखवायला आले, तेव्हा तू एकटीच बाकावर बसली होतीस. चेहरा उतरलेला. मी विचारलं म्हणून सांगितलंस.

डोंगरापलीकडच्या वारली पाड्यावर तू एका बाईचं बाळंतपण करून आली होतीस. तिच्या मोठ्या मुलाला खरूज होती, म्हणून लावायचं औषध दिलंस. बाटलीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंस, फक्त अंगाला लावणे. आठ दिवसांनी परत गेलीस तर त्यांनी ते त्याला पाजलं होतं. मूल वाचलं, पण चार दिवस रक्त ओकत होतं. "मी तोंडानं सांगितलं होतं," तू म्हणालीस, "पण बाटल्या दोन होत्या, दुसरी पोटात घ्यायची. त्यांची अदलाबदल झाली. लिहिलेलं वाचणारं एक माणूस नाही पाड्यात, सुधाबाई. एकसुद्धा नाही." त्या दिवशी मी तुला अहो-जाहो करायचं सोडलं.

शाळेची कल्पना माझी, असं सगळे म्हणतात. ती त्या बाटलीची होती.

मग चार वर्षं आपण काय काय केलं. अकरा बायकांचं मंडळ जमवलं. जंगलातल्या जागेसाठी आणि लाकडासाठी अर्ज केले, कचेऱ्यांच्या बाकांवर बसून आपल्या साड्यांना चकाकी आली. शेवटी परवानगी मिळाली, तीही मुदतीची, दिवाळीपर्यंत शाळा उभी राहिली पाहिजे या अटीवर. पाड्यावरच्या देवजीने आपलं खळं शाळेला दिलं. देवजी पाड्यातला जाणता म्हातारा, कमी बोलणारा. तू त्याच्या सुनेचं, रखमीचं, पहिलं बाळंतपण केलं होतंस. ते मूल महिन्याचं होऊन वारलं, तरी देवजीचा तुझ्यावर राग नव्हता. म्हणाला, भात कुठेही झोडता येईल.

दर रविवारी आपण निघायचो. मुलुंडच्या शेवटच्या चाळी मागे टाकून, पाण्याच्या मोठ्या नळाला वळसा घालून, कारवीतून वर, पाड्याजवळचा ओढा ओलांडून. दीड तास चढ. तू चपला हातात घेऊन चालायचीस आणि मी पाय मुरगळून घ्यायची. बेहड्याच्या झाडाखाली तू भाकरीबरोबर सुकटीची चटणी सोडलीस की मी वाऱ्याची दिशा बघून लांब बसायचे. तिसऱ्या की चौथ्या रविवारी मी जवळ सरकून बसले. तू नुसती चटणीची पुडी माझ्यापासून जरा बाजूला ठेवलीस. तेवढं मला आठवत राहतं. मोठमोठं काही आठवत नाही.

आणि आपलं भांडण. तू म्हणायचीस, पहिलं वर्षभर पोरांना त्यांच्याच बोलीत शिकव, त्यांच्या तोंडचे शब्द फळ्यावर लिही. मी म्हणायचे, परीक्षेला त्यांची बोली कोण विचारणार आहे, पुस्तकातली भाषा पहिल्या दिवसापासून कानावर पडली पाहिजे. तू म्हणायचीस, तुझ्या पुस्तकात पहिला धडा आगगाडीचा आहे, आणि यांच्या तोंडात डोंगर आहे. त्यावर मी आवाज चढवायचे. हे भांडण संपलं नाही. संपायला वर्गात मुलं तरी यायला हवी होती.

मे महिन्यात तापाची साथ आली. आधी आगबोटीवरून उतरलेल्या लोकांत आहे म्हणाले, मग गोदीत, मग गिरण्यांत, आणि एका आठवड्यात तुझ्या दवाखान्याची रांग रस्त्यावर. तेव्हा शाळेचं जोतं झालं होतं, खांब उभे होते, कारवीच्या कुडावर दोन बाजूंनी मातीचा गिलावा चढला होता. राहिल्या होत्या दोन भिंती आणि छप्पर. मंगलोरी कौलं बैलगाडीने डोंगराच्या पायथ्याशी येऊन पडली होती.

माझ्या घरी मंडळ जमलं. तू कामावरून तशीच आलीस, अंगाला फिनेलचा वास. बसली नाहीस. दारातूनच म्हणालीस, "आजपासून कुणी वर जायचं नाही. मीही जाणार नाही. ही साथ सरेपर्यंत काम बंद."

मी म्हटलं, पाऊस तीन आठवड्यांवर आलाय. वर छप्पर नसलं तर भिंती चिखल होऊन वाहून जातील. चार वर्षांचं काम पुन्हा जोत्यापासून करायचं, आणि दिवाळीला परवानगी संपली की तेही नाही. साधा ताप आहे, तीन दिवसांत माणूस उठतो, तूच म्हणतेस.

तू म्हणालीस, इथे उठतो. इथे दवाखाना आहे. वर झोपड्यांत धूर आहे, एका खोलीत आठ माणसं आहेत, अंगात रक्त नाही. मग तू तुझ्या आयेकडून ऐकलेली मानमोडीची गोष्ट सांगितलीस. ती लहान असताना कोकणात त्यांच्या वाडीवर तो आजार मुंबईहून गावी परतलेल्या माणसांबरोबर आला होता. माणसं घाबरून घराकडे धावली, आणि ज्यांच्याकडे धावली त्यांच्यातलीच निम्मी गेली. "आजार डोंगर चढत नाही, सुधा. त्याला आपण चढवतो."

ते वाक्य तू फार हळू बोललीस. मी तेवढंच हळू म्हटलं, "तुला भीती वाटत असेल तर तू खाली थांब."

असं मी तुला म्हटलं. अकरा बायकांसमोर. जी बाई दिवसातून दोनशे खोकणाऱ्या माणसांच्या तोंडाशी वाकते तिला मी भीतीचं बोलले. तू माझ्याकडे पाहिलंस, चपला घातल्यास आणि गेलीस. त्याबद्दल मी नंतर क्षमा मागितली असं मला वाटायचं. आता नीट आठवून पाहिलं. मागितली नव्हती.

काम चालू राहिलं. पहिल्या रविवारी आम्ही सहाजणी गेलो, दुसऱ्या रविवारी चौघी. एकेकीच्या घरी अंथरुणं पडत होती. मुलुंडचा कौलारू मिस्त्री तापाने झोपला आणि त्याचा माणूस गावी पळाला. तिसऱ्या रविवारी मी एकटी होते. पाड्यावरचे लोक मात्र थांबले नाहीत. बाप्ये आढं आणि वासे चढवत होते, बाया डोक्यावरून कौलं वर आणत होत्या. मला वाटायचं, बघ कुसुम, यांना शाळा हवी आहे, तुझ्यापेक्षा जास्त हवी आहे. मनातल्या मनात मी तुझ्याशी असं बोलायचे आणि जिंकायचे.

आता तो तिसरा रविवार सांगते.

शुक्रवारी नंदाला ताप भरला होता. शनिवारी तिचं अंग फणफणत होतं. रविवारी सकाळी ती जरा शांत झोपली होती, आणि माझा घसा खवखवत होता, हाडं दुखत होती. हे म्हणाले, आज राहू दे. मी त्यांना म्हटलं, दमल्यामुळे होतंय, चाललं की बरं वाटेल. पण मला ठाऊक होतं, कुसुम. तुझी मैत्रीण होते मी, मला ठाऊक नसून कसं चालेल. मी दोन गोळ्या घेतल्या आणि डोंगर चढले.

दिवसभर मी रखमीबरोबर शेवटची भिंत लिंपत होते. तिला आठवा सरून गेला होता, म्हणून तिला कौलं उचलू देत नव्हते. ती कुडाच्या आतून, मी बाहेरून. कारवीच्या फटींतून आमचे हात एकमेकींना लागायचे. फटी बुजत गेल्या तसा तिचा चेहरा दिसेनासा झाला, नुसतं हसणं ऐकू यायचं. दुपारी मला चक्कर आली तेव्हा तिने आपल्या तांब्यातलं पाणी मला पाजलं आणि उरलेलं स्वतः प्यायली. मी पाहिलं आणि तिला अडवलं नाही.

सोमवार आणि मंगळवार मी तापात पडून होते. बुधवारी देवजी डोंगर उतरून तुझ्या दवाखान्यात आला. रखमी तापली होती, आणखी चौघं तापली होती. तू रजा मागितली नाहीस, नुसती सांगून निघालीस, असं कंपाउंडर म्हणाला. गुरुवारी सकाळी तुझी चिठ्ठी माझ्या हातात पडली. अजून आहे माझ्याकडे. "सुधा, नऊ जण आहेत. झोपड्यांत धुराने गुदमरतात. सगळ्यांना शाळेत आणून निजवलंय. वरून उघडं आहे आणि ढग येतायत. आता छप्पर हवंच. भांडण संपलं. जमेल तितकी माणसं घेऊन ये आणि तोंडाला फडकं बांध."

मंडळातली एकही बाई यायला तयार झाली नाही. मी त्यांना दोष देत नाही. मी एकटीच चढले.

तू जोत्यावर उभी होतीस. आत जमिनीवर ओळीने माणसं, वर नुसते वासे आणि आभाळ. मला वाटलं तू रागावशील. तू रागावली नाहीस. माझ्याजवळ आलीस, मला नीट न्याहाळलंस आणि विचारलंस, "रविवारी तुझ्या घरी कुणी आजारी होतं? तुला काही होत होतं?"

देवजी शेजारी उभा होता. रखमी दाराशीच निजली होती, तिचे डोळे उघडे होते. मी म्हटलं, "नाही. सगळे बरे होते."

मी का खोटं बोलले याचा विचार करण्यात माझे हे सोळा दिवस गेले. देवजीची भीती वाटली, हे खरं. पण त्याहून खरं असं की हो म्हटलं असतं तर त्या भांडणात तू बरोबर ठरली असतीस. एवढं क्षुद्र कारण होतं ते.

तू माझ्यावर विश्वास ठेवलास. आपण कितीही भांडलो तरी मी तुझ्याशी कधी खोटं बोलले नव्हते. तू हळूच म्हणालीस, "मग माझ्याच दवाखान्यातून आला." शनिवारी तू रखमीला तपासायला खाली बोलावलं होतंस. वर जायचं नाही असं ठरवलं होतंस, म्हणून. ती तासभर रांगेत, खोकणाऱ्या माणसांत बाकावर बसली होती. "मीच बोलावलं तिला," तू म्हणालीस. "माझ्या शहाणपणानं."

मला हे ठाऊक नव्हतं. शनिवारचं हे ऐकलं तेव्हा माझ्या मनात काय आलं तेही सांगते. मला सुटल्यासारखं वाटलं. क्षणभरच, पण वाटलं. कदाचित मी नसेनही, कदाचित खरंच बाकावरून आला असेल. ते कधीच कळणार नाही. पण तुला दोन्ही गोष्टी कळायला हव्या होत्या. माझी अर्धी शंका माझ्या अंगावर घ्यायला हवी होती. ती मी सगळीच्या सगळी तुझ्या डोक्यावर ठेवली आणि कौलं वाहायला निघून गेले.

दोन दिवस आम्ही कौलं चढवली. जे उभे राहू शकत होते ते सगळे. शेवटच्या चढणीवर माणसं उभी केली, एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात. खाली तू निजलेल्यांना पाणी पाजत होतीस, कपाळावर ओल्या घड्या ठेवत होतीस, तापावरच्या एपीसीच्या गोळ्या कुटून देत होतीस, आणि वर आम्ही कौलं बसवत होतो. माती, भुसा निजलेल्यांच्या अंगावर पडायचा. तू चादरी ताणून धरायचीस. एकदा वर बघून म्हणालीस, "घाई कर गो, सुधा. आवाज झाला तरी चालेल." तीन आठवड्यांपूर्वी काम बंद करा म्हणणारी तू. आपण दोघी पहिल्यांदा एकाच बाजूला होतो, आणि मला वरून तुझ्या तोंडाकडे पाहवत नव्हतं.

शनिवारी दुपारी रखमीला वेणा सुरू झाल्या. अंगात ताप, छाती भरलेली. पेनिसिलीनची शेवटची सुई तू तिलाच दिली होतीस. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. मूल झालं ते रडलं नाही. तू त्याला उलटं धरून, तोंडाने श्वास देऊन बराच वेळ झगडलीस. देवजी दाराबाहेर पाठ करून उभा होता. मग तू मूल कापडात गुंडाळून बाजूला ठेवलंस आणि रखमीकडे वळलीस. ती उन्हं कलायच्या आत गेली. वर शेवटच्या ओळीचं काम चालू होतं. कुणीतरी वरून विचारलं, थांबायचं का. तू म्हणालीस, "नका थांबू. अजून आठ जण आहेत."

तिला आणि बाळाला पाड्यामागच्या टेकाडावर नेलं. त्या आठवड्यात एक म्हातारा गेला. बाकी सात जण उठले. तू होतीस म्हणून उठले. हे कुणी सभेत सांगितलं नाही, कारण सभेतल्या कुणी पाहिलंच नव्हतं.

मग तू स्वतःच तापलीस.

तुला डोलीत घालून खाली आणलं. तिकडे मोठ्या इस्पितळात खाट नव्हती, व्हरांड्यातही नव्हती. भांडुपला तुझ्या खोलीवर तुझी आये तुझं डोकं दाबत बसली होती. मी रोज यायचे. तुझा श्वास दारातून ऐकू यायचा. तिसऱ्या दिवशी तू जरा शुद्धीवर होतीस. मी ठरवूनच आले होते. जिन्यावर वाक्य घोकत आले, कुसुम, त्या रविवारी नंदाला ताप होता आणि मलाही होता. बस, एवढंच म्हणायचं होतं.

तू डोळे उघडून म्हणालीस, "सुधा, ओढा भरला की पोरांना घरी धाडू नको हां. तिथंच ठेव. पाणी उतरलं की सोड."

मी म्हटलं, ठेवीन.

मग तू म्हणालीस, "रखमीला मी खाली बोलावलं नसतं तर." आणि वाक्य सोडून दिलंस. तेव्हा मला बोलायला हवं होतं. तिथे जागा होती, वेळ होता. आये पाणी आणायला मोरीकडे गेली होती. मी तुझा हात धरला आणि म्हटलं, असं मनाला लावून घेऊ नकोस. कुसुम, मी तुला उपदेश केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन-अडीचला तू गेलीस. मी पोचले तेव्हा चाळीतल्या बायका दाराशी उभ्या होत्या. आयेने माझा हात धरून मला जवळ बसवलं. म्हणाली, "माझ्या चेडवाक काय झाला, ता माका कोण सांगूक नाय. तू होतंस ना तिच्यावांगडा?" मी होते. पण तिच्या लेकीला काय झालं ते मी तिलाही सांगितलं नाही.

तेरा दिवसांनी मी पाड्यावर गेले. बिनपगारी रजा घेतली होती, शाळा सुरू करायची होती. शाळेला बाहेरून काठी अडकवलेली. आत जमीन सारवलेली होती, पण कोपऱ्यात तुझ्या औषधांचं खोकं तसंच पडलेलं. एकही मूल आलं नाही. जिथे माणसं मेली तिथे पोरांना बसवायचं नाही असं पाड्याने ठरवलं होतं. ते मला कुणी सांगितलं नाही, दारं लागली त्यावरून समजलं. तुझ्या त्या वाक्याची मला आठवण झाली, की मुलांना ओढ्यापासून सांभाळ. मुलंच नव्हती.

देवजी आपल्या झोपडीसमोर दोर वळत बसला होता. मी त्याच्यासमोर जमिनीवर बसले आणि त्याला सांगितलं. नंदाचा ताप, माझा ताप, गोळ्या, तांब्या, सगळं. आणि तू विचारलंस तेव्हा मी नाही म्हटलं, तेही. मला वाटलं तो मला हाकलून देईल. मला ते हवं होतं.

तो दोर वळत राहिला. मान वर न करता म्हणाला, "मला ठावं होतं बाय."

त्याने दोराला आणखी एक पीळ घातला.

"तू खोकत व्हतीस. रखमी मला बोलली, बाईचं आंग तापलंय, तिला घरी धाड. मीच म्हनलो, राहू दे. एक भिंत राहिलीय. पाऊस येल." त्याने दोर खाली ठेवला. "नरसबायनं तुला इचारलं, तवा मी बाजूलाच हुतो. मी बी गप ऱ्हायलो."

मग आम्ही दोघं तिथे बसून राहिलो. त्याने मला माफ केलं असं मी म्हणणार नाही, मीही त्याला केलं नाही. माफी देणाऱ्या दोघी होत्या, त्या आता नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी शाळा उघडली. अकरा ते चार बसले. पाऊस कौलांवर पडत होता आणि मी रिकाम्या जमिनीकडे बघत होते. त्याच्या पुढच्या दिवशीही तसंच. माझ्या मनात येत होतं, काठी अडकवावी, डोंगर उतरावा, मंडळाला कळवावं की संपलं. ज्यासाठी तुम्ही दोघी गेलात ते हे, चार भिंती आणि एक छप्पर.

आज, तिसऱ्या दिवशी, दुपारी देवजी आला. डोक्यावरचं इरलं बाहेर काढून ठेवलं, आत येऊन फळ्यासमोर मांडी घालून बसला. म्हणाला, रखमीचं नाव कसं दिसतं ते दाखव. ती गेली, पण तिचं नाव कुठे लिहिलेलं नाही. कागदावर नाही, कुठेच नाही. एकदा बघायचंय.

मी खडू घेतला. अक्षर मोठं काढलं. र. ख. मी. तो उठून फळ्याजवळ आला. एकेका अक्षरावर, न पुसलं जाईल इतक्या हलक्या हाताने बोट फिरवलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत गेला आणि मागे वळून माझ्याकडे बघत म्हणाला, "एवढंच?"

मी म्हटलं, "एवढंच."

तो पुन्हा खाली बसला. घरी जायला उठला नाही. दाराबाहेर दोन-तीन मुली इरल्याखाली उभ्या राहून आत बघत होत्या. त्या आत आल्या नाहीत, पण गेल्याही नाहीत. मी फळ्याकडे वळले. तुझं नावही तीनच अक्षरांचं, कुसुम. तिच्या नावाखाली मी ते लिहिलं.